अपघात झालेली जुनी स्पोर्ट्स कार: घ्यावी की सोडावी, हे ठरवण्याची रीत

पोर्शे केमन, फोर्ड मस्टँग, बीएमडब्ल्यू झेड फोर किंवा ऑडी टीटी यांसारखी एखादी गाडी मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात चालू भावापेक्षा आठ-दहा लाखांनी स्वस्त मिळत असेल, तर त्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असते: गाडी कुठेतरी ठोकलेली असते, पाण्यात गेलेली असते किंवा तिच्या कागदपत्रांत काहीतरी अडकलेले असते. विक्रेता खरे कारण आपणहून सांगेलच असे नाही. सांगितले तरी नवख्या खरेदीदाराची पंचाईत संपत नाही, कारण "पुढून थोडी लागली होती, सगळे काम कंपनीत करून घेतले आहे" या एका वाक्यात बंपरवरच्या ओरखड्यापासून वाकलेल्या चेसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यापर्यंत, काहीही मावू शकते.

केवळ अपघात झाला होता म्हणून गाडी नाकारणे आणि केवळ स्वस्त आहे म्हणून ती घेणे, या दोन्ही गोष्टी माझ्या मते सारख्याच उतावळेपणाच्या आहेत. घाव गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोहोचला होता का, तो कोणी आणि कोणत्या साधनांनी दुरुस्त केला आणि त्याचा कागदोपत्री पुरावा आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नये.

ब्रिटनमध्ये विमा कंपनीने निकाली काढलेल्या गाडीवर २०१७ सालापासून "एस" किंवा "एन" असा शेरा नोंदवला जातो. पहिल्याचा अर्थ सांगाड्याला इजा झाली होती असा, तर दुसऱ्याचा सांगाडा शाबूत आहे असा होतो. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच "सॅल्व्हेज" असे लिहिले जाते आणि जपानच्या लिलावांत दुरुस्त केलेल्या गाडीला "आर" ही वेगळी श्रेणी मिळते. आपल्याकडे आरसीवर असा कोणताही शेरा येत नाही. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नोंदणी दिनांक, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा आणि नोंदणी चालू आहे की नाही हे दिसते, अपघात दिसत नाही. त्यामुळे समोरची गाडी ब्रिटनमध्ये असती तर तिला कोणते अक्षर मिळाले असते, हे भारतात खरेदीदाराला स्वतःच शोधून काढावे लागते आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: गाडी पाहायला जाण्याआधीचे प्रश्न

विक्रेत्याला फोनवर विचारण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर लिहून विचारावे, म्हणजे उत्तरही लेखी राहते. अपघात कधी आणि कोणत्या बाजूने झाला, एअरबॅग उघडल्या होत्या का, विम्याचा दावा केला होता का, काम कोणत्या वर्कशॉपमध्ये झाले आणि दुरुस्तीआधीचे फोटो आहेत का, एवढे पाच प्रश्न पुरेसे आहेत. एअरबॅग उघडल्या होत्या असे उत्तर आले, तर धडक किरकोळ नव्हती हे गृहीत धरूनच पुढे जावे. फोटो नाहीत असे उत्तर आले तर थोडे थांबावे. चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीची धडक झाल्यावर मालकाने किंवा विमा कंपनीच्या सर्वेअरने, म्हणजे नुकसान पाहायला येणाऱ्या माणसाने, एकही फोटो काढला नाही, हे सहसा घडत नाही.

"नॉन-ॲक्सिडेंटल", "फक्त टचअप" आणि "एक पॅनल रिपेंट" हे बाजारातले शब्द आहेत आणि त्यांना ठरलेला अर्थ नाही. ते ऐकून घ्यावेत, मात्र भाव ठरवताना हिशोबात धरू नयेत.

दुसरी पायरी: कागद वाचणे

बहुतेक नवखे खरेदीदार आरसी पाहतात आणि विम्याची पॉलिसी केवळ मुदतीपुरती चाळतात. खरे तर पॉलिसीवरचा नो क्लेम बोनसचा आकडा हा अपघाताचा सर्वांत सोपा माग आहे. दावा न करता एक वर्ष गेले की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी या बोनसची चढण असते, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक दावा झाला की तो साधारणतः शून्यावर येतो. समजा, २०१९ साली घेतलेली, एकाच मालकाकडे असलेली आणि विमा कधीही न चुकवलेली गाडी २०२५ च्या पॉलिसीवर २५ टक्के बोनस दाखवत असेल, तर दोन-तीन वर्षांपूर्वी तिच्यावर दावा झालेला आहे, मग विक्रेता काहीही म्हणो. याला तीन अपवाद लक्षात ठेवावेत. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो, म्हणून मालक बदलला की मोजणी नव्याने सुरू होते. बोनस संरक्षणाची जोडसुविधा घेतली असेल तर दाव्यानंतरही आकडा टिकतो. आणि काही मालक बोनस वाचवण्यासाठी दुरुस्तीचा खर्च खिशातून करतात. म्हणजे घसरलेला आकडा दाव्याकडे बोट दाखवतो, पण चढता आकडा गाडी निर्दोष असल्याचे सिद्ध करत नाही. शक्य असल्यास मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात आणि मालकाने स्वतः विमा कंपनीकडून दाव्यांचा तपशील मागवून द्यावा, अशी विनंती करावी.

दावा सापडला म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही. जमिनीला टेकलेल्या या गाड्यांचे पुढचे बंपर आपल्याकडचे गतिरोधक, इमारतींच्या पार्किंगचे उतार आणि पावसाळ्यातले खड्डे यांना पुरे पडत नाहीत, त्यामुळे दोन-तीन बंपरचे दावे असलेली गाडी ही मुंबईत चालवलेली गाडी एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. दाव्याचा आकडा आणि बदललेल्या भागांची यादी पाहावी. यादीत बंपर, ग्रिल आणि खालचे प्लॅस्टिकचे आवरण असेल तर विषय तिथेच संपतो. सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी चौकट), एप्रन (फेंडरच्या आतला पत्रा), पिलर (छत पेलणारे खांब), क्रॉस मेंबर (सांगाड्याची आडवी पट्टी), स्टिअरिंग रॅक किंवा सीटबेल्ट असे शब्द असतील तर विषय तिथून सुरू होतो.

टोटल लॉस हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर विमा कंपनी गाडी दुरुस्त न करता तिचे मूल्य मालकाला देते आणि अवशेष लिलावात जातात. आयडीव्ही मात्र दरवर्षी उतरतो: तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा लागतो. आयात केलेल्या गाडीचे सुटे भाग मात्र सीमाशुल्कासह दरवर्षी महागच होत जातात. ३० लाख आयडीव्ही असलेल्या गाडीला टोटल लॉस ठरण्यासाठी साडेबावीस लाखांचे अंदाजपत्रक पुरते, आणि दोन हेडलॅम्प, बॉनेट, रेडिएटर, एअरबॅग आणि डॅशबोर्ड एवढ्यांतच ते गाठले जाऊ शकते, सांगाडा सरळ असला तरी. म्हणून टोटल लॉस ठरलेली प्रत्येक गाडी कायमची बाद असते असे नाही. खरी अडचण त्यानंतरची आहे. अशी गाडी लिलावात घेणारा ती साडेबावीस लाख खर्चून दुरुस्त करत नाही. तो कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतल्या मायापुरीच्या जुन्या भागांच्या बाजारातून मिळेल ते जोडतो आणि जे दिसत नाही ते जोडतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे कायमच्या निकामी झालेल्या गाडीची माहिती मालकाने नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यायची असते, परंतु दुरुस्त होऊ शकणारी गाडी जुन्याच आरसीवर पुन्हा रस्त्यावर येते. शिवाय अशा गाडीचा चेसिस क्रमांक चोरीच्या गाडीवर चढवण्याचे प्रकार पोलिस तपासांत वारंवार उघडकीला आलेले आहेत. आरसीवरचा चेसिस क्रमांक धातूवर कोरलेल्या क्रमांकाशी, काचेखालच्या पट्टीशी, दाराच्या चौकटीवरील स्टिकरशी आणि गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर दिसणाऱ्या क्रमांकाशी, असा चारही ठिकाणी जुळवून पाहावा. कोरलेल्या क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर बोलणी तिथेच थांबवावीत.

एक बाब फारसे कुणी विचारत नाही. त्या अपघातात कोणी जखमी झाले होते का? झाले असेल तर गुन्हा नोंदला गेलेला असतो, पंचनामा झालेला असतो आणि गाडी मुद्देमाल म्हणून जप्त होऊन सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मालकाने हमीपत्र दिल्यावर, त्याच्या ताब्यात परत आलेली असू शकते. न्यायालयाच्या परवानगीवाचून गाडी विकणार नाही, अशी अट अशा हमीपत्रात सहसा असते. नुकसानभरपाईचा दावा अपघाताच्या वेळच्या मालकावर आणि विमा कंपनीवर असतो, तुमच्यावर नाही. तरीही ज्या गाडीचा खटला चालू आहे ती नावावर करून घेताना आरटीओच्या आणि कोर्टाच्या किती फेऱ्या होतील याचा नेम नसतो.

परराज्यातील गाडीच्या बाबतीत इथेच थोडे जास्त खोदावे. मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि महाराष्ट्रातला रस्ता कर हा खर्चाचा भाग झाला, पण ज्या शहरात गाडी सर्व्हिस होत होती तिथल्या अधिकृत सेंटरमधून चेसिस क्रमांकावरून सर्व्हिसचा इतिहास काढून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. त्यात दीड-दोन वर्षांची मोकळी जागा दिसली, तर त्या काळात गाडी कुठे उभी होती हे विचारावे.

तिसरी पायरी: गाडी कशाची बनलेली आहे

साध्या हॅचबॅकची धडक आणि स्पोर्ट्स कारची धडक यांत मुख्य फरक धातूचा आहे. मस्टँगचा मूळ सांगाडा पोलादी आहे, पण २०१५ नंतरच्या पिढीत, म्हणजे जी जुलै २०१६ मध्ये पाच लिटरच्या व्ही-एट इंजिनासह भारतात आली तिच्यात, बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत. पोर्शे ७१८ (अलीकडच्या केमन आणि बॉक्सस्टर) आणि अलीकडच्या ९११ मध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियम मिसळून वापरलेले आहे. ऑडी आर एटचा सांगाडाच मुख्यत्वे ॲल्युमिनियमचा आहे आणि मॅक्लारेनमध्ये माणसे बसतात तो भाग कार्बन फायबरचा एकसंध टब असतो.

पोलाद मर्यादेत ओढून सरळ करता येते, मात्र पिलरमध्ये वापरलेले अतिकठीण पोलाद गरम करून सरळ केले की त्याची ताकद जाते. तिथे भाग बदलणे हाच मार्ग असतो. ॲल्युमिनियमचे काम त्याहून नाजूक असते. ते बहुतेक ठिकाणी वेल्डिंगऐवजी रिव्हेट आणि विशिष्ट गोंदाने जोडलेले असते, त्याला वेगळी हत्यारे आणि वेगळा कक्ष लागतो, कारण पोलादाची कीस ॲल्युमिनियमवर बसली की तिथे गंज धरू लागतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये, तिथला कारागीर कितीही हुशार असला तरी, ही सोय नसते. कार्बन टबला तडा गेला असेल तर कंपनीच्या देखरेखीखाली झालेल्या दुरुस्तीचा कागद असल्याशिवाय गाडीकडे पाहूही नये. पहिल्यांदाच स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने अपघाताचा इतिहास असलेल्या गाड्यांपैकी पोलादी सांगाड्याचीच गाडी विचारात घ्यावी, असे मी सुचवेन.

चौथी पायरी: दिवसाउजेडी पाहणी

गाडी सकाळी, उन्हात आणि धुतलेल्या पण कोरड्या अवस्थेत पाहावी. शोरूमच्या पिवळ्या दिव्यांखाली किंवा पाऊस पडून गेल्यावर रंगातला फरक कळत नाही.

सुरुवात बॉनेटखालून करावी. फेंडरच्या वरच्या कडेला ओळीने बसलेले बोल्ट जवळून पाहावेत. कारखान्यात फेंडर आधी बसतात आणि रंग नंतर लागतो, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावर आणि खालच्या वॉशरवर गाडीच्याच रंगाचा अखंड थर असतो. पाना लागला की षटकोनी डोक्याच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो आणि वॉशर किंचित सरकला की त्याच्या कडेने चंद्रकोरीसारखी बिनरंगाची रेघ उघडी पडते. एका बाजूचे बोल्ट रंगासकट जसेच्या तसे आणि दुसऱ्या बाजूचे चकाकते नवे, असे दिसले की धडक कोणत्या कोपऱ्याला बसली ते कळले. हीच तपासणी दारांच्या बिजागऱ्यांवर आणि डिकीच्या झाकणावर करावी. केमन, बॉक्सस्टर आणि ९११ मध्ये पुढे इंजिन नसून सामान ठेवण्याची जागा असते. तिथले प्लॅस्टिकचे आवरण काढून मागचा धातू पाहिल्याशिवाय तपासणी झाली असे समजू नये. या गाड्यांचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात, त्यामुळे हलक्या धडकेतही ते चेपतात. ते नुसते नवे दिसत असतील तर ती चांगली बाब आहे, फक्त मग बिलही दाखवले पाहिजे.

त्यानंतर दारांच्या चौकटीवरचे रबरी बीडिंग हलकेच ओढून खाली पाहावे. कारखान्यातले स्पॉट वेल्ड म्हणजे ठरावीक अंतरावरचे, गोल आणि उथळ खळगे. तिथे सलग, ओबडधोबड वेल्डिंग किंवा दाणेदार सीलर दिसला, तर त्या बाजूचा भाग कापून जोडलेला आहे. डिकीतला गालिचा उचलून तळ पाहावा; मागून बसलेली धडक तिथल्या पत्र्याच्या सुरकुत्यांत राहून जाते आणि त्या पूर्णपणे घालवणे कठीण असते.

रंगाची जाडी मोजणारे मीटर सोबत असावे, आणि ते पोलाद व ॲल्युमिनियम या दोन्हींवर चालणारे असावे. पुट्टी आहे का हे पाहायला लोहचुंबक लावण्याची जुनी पद्धत इथे दगा देते: मस्टँगच्या बॉनेटला चुंबक चिकटत नाही तो पुट्टीमुळे नव्हे, तर पत्राच ॲल्युमिनियमचा असल्यामुळे. कारखान्यातला रंग सहसा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, पुन्हा रंगवलेला भाग २०० ते ३५० दाखवतो आणि पुट्टी असेल तर आकडा ५०० च्या पुढे, कधी हजारांवर जातो. समजा, पुढचा डावा फेंडर १२५, बॉनेट २८०, पुढचा उजवा फेंडर ३१०, उजवे दार १३० आणि छत १२० असे आकडे मिळाले, तर पुढच्या उजव्या कोपऱ्याचे काम झालेले आहे आणि ते दाराच्या आधी थांबले आहे. ही परिस्थिती वाईट नाही. मात्र त्याच गाडीचा उजवा ए-पिलर, म्हणजे पुढच्या काचेलगतचा खांब, २६० दाखवू लागला, तर सगळा अर्थ बदलतो, कारण पिलरला किंवा छताला पार्किंगमध्ये कोणी घासून जात नाही. तिथे रंग लागला तो बहुतेक वेळा काहीतरी कापले, जोडले किंवा ओढले म्हणूनच. आणखी एक सावधगिरी: आपल्याकडे या गाड्यांवर पारदर्शक संरक्षक फिल्म लावण्याची पद्धत आहे आणि ती एकटीच दीड-दोनशे मायक्रॉनची भर घालते. म्हणून मोजण्याआधी नखाने पॅनलच्या कडेला फिल्मची किनार लागते का ते पाहावे. फिल्म फक्त एकाच कोपऱ्यावर नवी असेल, तर तिच्याखाली काय आहे हे विचारायला लाजू नये.

काचांच्या कोपऱ्यातला उत्पादनाचा संकेत, हेडलॅम्पवरची लेबले आणि सीटबेल्टच्या तळाशी असलेला तारखेचा कापडी टॅग ही तिन्ही वर्षे गाडीच्या वर्षाशी जुळायला हवीत. काच दगडाने फुटू शकते, पण सीटबेल्ट उगाच कोणी बदलत नाही. उलट एअरबॅग उघडल्याचे कबूल केलेल्या गाडीत सीटबेल्ट जुनेच असतील, तर त्यांचे प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा घट्ट ओढणारी यंत्रणा) उडालेले असण्याची शक्यता तपासून घ्यावी, कारण तसे असेल तर पुढच्या धडकेत ते काम करणार नाहीत.

एअरबॅगच्या बाबतीत फसवणूक सर्वांत सोपी आणि सर्वांत जीवघेणी आहे. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर तो काढून टाकलेला किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलेला असू शकतो. नवी एअरबॅग न बसवता तिच्या जागी रेझिस्टर, म्हणजे एक लहानसा विद्युत रोधक, जोडून दिवा शांत करण्याची युक्ती जुनी आहे आणि ती साध्या स्कॅनरलाही चकवते. म्हणून डॅशबोर्डची शिवण, स्टिअरिंगवरच्या आवरणाचा पोत आणि त्यांच्या मागचे भाग क्रमांक अधिकृत सेंटरकडूनच तपासून घ्यावेत. इथे तडजोड नको.

पाचवी पायरी: लिफ्टवर

विक्रेता गाडी त्या ब्रँडच्या अधिकृत सेंटरमध्ये किंवा तुमच्या निवडीच्या वर्कशॉपमध्ये तपासणीसाठी न्यायला नकार देत असेल, तर पुढचे वाचण्याची गरज नाही. दुसरी गाडी शोधावी. तपासणीचा खर्च अर्थातच तुम्ही द्यायचा.

खालची प्लॅस्टिकची आवरणे काढायला लावावीत, कारण या गाड्यांचा तळ त्यांनीच झाकलेला असतो. सबफ्रेमचे बोल्ट हललेले आहेत का, रेल्सवर, म्हणजे सांगाड्याच्या लांब पट्ट्यांवर, ओढण्यासाठी लावलेल्या शिकंज्याचे दात उमटलेले आहेत का, चाक धरणारे आर्म एकाच बाजूचे नवे आहेत का, हे पाहावे. सांगाड्याचे काम झाले असल्यास ते जिग बेंचवर, म्हणजे सांगाडा पकडून मापात सरळ करणाऱ्या चौकटीवर, झाले होते का आणि दुरुस्तीनंतरच्या मापांचा छापील अहवाल आहे का, हे विचारावे. चांगली वर्कशॉप तो अहवाल जपून ठेवतात.

त्यानंतर चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे आणि छापील कागद हातात घ्यावा. टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बहुतेक गाड्यांत जुळवता येतो, म्हणून तो हिरव्या रकान्यात आला यात नवल नाही. कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) पाहावेत. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल आणि आर्म बदलूनही तो जात नसेल, तर ज्याला ते आर्म जोडलेले आहेत ती जागाच हललेली आहे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना साध्या टेपने मोजले, तरी मोठी गफलत लपत नाही. टायरच्या आतल्या कडा हाताने चाचपाव्यात. त्यांच्यावरच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. विक्रीच्या तोंडावर चारही टायर नवे घातलेले असतील, तर झिजेचा पुरावा जुन्या टायरांबरोबर गेला असे समजावे.

लिफ्टवर असतानाच पाण्याच्या खुणाही पाहून घ्याव्यात, कारण टोटल लॉस झालेल्या गाड्यांत बुडालेल्याही असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ, सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालच्या कनेक्टरवरचा हिरवट थर शोधावा. पाणी इंजिनात शिरून कनेक्टिंग रॉड वाकण्याचे नुकसान साध्या पॉलिसीत धरले जात नाही, त्यामुळे असे काम अनेकदा दाव्याविना, स्वस्तात उरकलेले असते.

सहावी पायरी: चालवून पाहणे

यासाठी वेगाची हौस भागवण्याची गरज नाही. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग अगदी सैल धरून गाडी एका बाजूला ओढते का, सरळ जाताना स्टिअरिंगचा मध्य वाकडा दिसतो का, जोरात ब्रेक लावल्यावर मागचा भाग सरकतो का आणि खराब रस्त्यावर एकाच कोपऱ्यातून ठोका ऐकू येतो का, एवढे पाहावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत. चलन विक्रेत्याच्या नावाने जाईल आणि बोलणी विनाकारण कडू होतील. छत उघडणारी गाडी असल्यास छत दोन-तीनदा उघडून मिटवावे आणि नंतर पाण्याचा पाइप मारून आत गळते का ते बघावे. सांगाड्याला पीळ असेल तर तो छताच्या जोडात सर्वांत आधी जाणवतो.

सातवी पायरी: किंमत

इथवर आलेल्या गाडीचे मी स्वतः तीन गट करतो. फक्त रंग, बंपर आणि बोल्टने जोडलेले पॅनल बदलले असून बिले हातात असतील, तर स्वच्छ गाडीच्या भावातून पाच ते आठ टक्के कमी करून ती आनंदाने घ्यावी. एअरबॅग उघडल्या, रेडिएटर आणि सस्पेन्शनचे भाग बदलले, पण सांगाडा शाबूत असून सगळे काम अधिकृत सेंटरचे आहे, अशी गाडी पंधरा ते वीस टक्के कमी मिळाली तरच विचारात घ्यावी. सांगाड्याचे काम झालेले असून मापांच्या अहवालासह सिद्ध होत असेल, तर तीस-पस्तीस टक्क्यांहून कमी सवलतीत हात घालू नये; आणि अशी गाडीही ज्याला ती दहा वर्षे ठेवायची आहे त्यानेच घ्यावी. पुरावा नसलेले सांगाड्याचे काम कोणत्याही किमतीला महागच. हे आकडे नियम नव्हेत, माझा ढोबळ हिशोब आहे, पण त्यामागचे कारण पक्के आहे: आज जी सवलत तुम्ही मागता, तीच उद्या तुमचा गिऱ्हाईक तुमच्याकडे मागणार आहे आणि तेव्हा गाडीचे वय वाढलेले असेल.

या हिशोबात सुट्या भागांची उपलब्धताही धरावी. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. मस्टँग तर मुळातच पूर्ण बांधणीची आयात गाडी होती. तिचा एखादा अर्धवट दुरुस्त केलेला भाग नंतर नीट करायचा म्हटला तर पैशांबरोबर महिनेही मोजावे लागू शकतात. ज्या ब्रँडचे सेंटर तुमच्या शहरात आहे त्या गाडीचा अपघात तुलनेने परवडतो.

टोकन देण्याआधी दोन फोन करावेत. पहिला विमा कंपनीला: चेसिस क्रमांक सांगून या गाडीला स्वतःच्या नुकसानीसह पूर्ण विमा किती आयडीव्हीवर देणार, हे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे, कारण टोटल लॉस झालेल्या गाडीला पूर्ण संरक्षण नाकारले जाऊ शकते. दुसरा, कर्ज काढणार असाल तर, बँकेला. या दोघांपैकी कोणी पाय मागे घेतला, तर त्यांना गाडीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती असण्याची शक्यता आहे.

शेवटची पायरी: व्यवहार

मुद्रांकावरील करारात "गाडी आहे तशी विकली" एवढेच वाक्य असेल तर सही करू नये. कोणत्या महिन्यात कोणता अपघात झाला, कोणते भाग बदलले, त्याखेरीज दुसरा अपघात झालेला नाही, सर्व एअरबॅग कार्यरत आहेत आणि मीटरवरचे किलोमीटर खरे आहेत, ही विधाने विक्रेत्याच्या सहीने हवीत. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीबाबत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. खासगी मालकाकडून घेतली असेल तर तुमच्या हातात हा करार आणि व्हॉट्सॲपवरची ती उत्तरेच असतात.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन, कर्ज होते तर फॉर्म ३५ आणि बँकेची ना हरकत घेऊन, नावबदलाचा अर्ज लगेच करावा. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत कळवायचे असते. स्वतःच्या नुकसानीचे विमा संरक्षण मात्र आपोआप तुमच्याकडे येत नाही. १४ दिवसांच्या आत अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते, आणि विक्रेत्याचा बोनस तुम्हाला मिळत नसल्यामुळे हप्त्यातला फरकही तेव्हाच भरावा लागतो. लिफ्टवरचे फोटो, रंगाच्या जाडीचे आकडे, अलाइनमेंटचा कागद आणि दुरुस्तीची बिले एका फाइलमध्ये लावावीत, आणि पॉलिसी नावावर होऊन येईपर्यंत गाडी घरीच उभी ठेवावी.